तांब, पापुद्रा, खड्डा: रत्नागिरीहून मानकाच्या दारापर्यंत गेलेली एक सूचना

मे महिन्यातली दुपार. गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाडीत एक लॉज आहे. दोन मजले, वर मंगलोरी कौलं, मागे चिऱ्याची भिंत. आमचा टेक्निशियन स्वयंपाकघरामागच्या बोळात आग विझवायचा, सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर तपासत होता. गेजचा काटा हिरव्यात, पिन जागेवर, सील शाबूत, टॅगवर आमचाच शिक्का. अशा सिलिंडरला अर्ध्या मिनिटात ‘ओके’ मिळतं, कारण यादीतल्या सगळ्या रकान्यांत टिक पडते. ह्या पोराने मात्र, का कोण जाणे, तो ब्रॅकेटवरून उतरवला, पालथा केला आणि बुडाला बसवलेला काळा प्लॅस्टिकचा स्कर्ट उपटून काढला. आतून कपभर मातकट पाणी सांडलं. पाण्याबरोबर पापडाच्या चुऱ्यासारखे लोखंडाचे पापुद्रे आले. त्याने बुडावर अंगठ्याचं नख ओढलं, तर नख रुतलं.

“दादा, ह्याला गंज चढलेला नाय. गंजच उरलाय.”

लॉजचे मालक शेजारीच उभे होते. म्हणाले, “पण काटा हिरव्यात आहे ना?”

प्रश्न रास्त होता. काटा आतला दाब सांगतो. पत्रा किती उरलाय ते त्याला कसं कळणार? आणि असा सिलिंडर ऐन वेळी हातात घेणाऱ्याला तरी ते कुठून कळावं? पावडरच्या ह्या सिलिंडरमध्ये साधारण पंधरा बारचा दाब कायम भरलेला असतो. जुन्या कार्ट्रिजवाल्या (गॅसची वेगळी कुपी असलेल्या) प्रकारात तर ठोका मारेपर्यंत बाटल्यात दाबच नसतो. ठोका बसला की सगळा दाब एकदम येतो आणि कुजलेलं बूड तेव्हाच दगा देतं, म्हणजे नेमकं माणसाने तो छातीशी धरलेला असताना.

जानेवारीतल्या तपासणीचा टॅग आमचाच होता, हे इथेच कबूल करतो. आम्ही रत्नागिरीत लायसन्स एजन्सी चालवतो, म्हणजे इमारतींतली आग विझवायची यंत्रणा तपासून प्रमाणपत्र देतो. त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या नावाने बोटं मोडायला जागाच नव्हती. आमच्या तपासणीच्या यादीत स्कर्टखाली बघण्याचा रकाना नव्हता, म्हणून कोणी बघितलं नव्हतं. परतताना गाडीत मी पोराला विचारलं, “तुला कसं सुचलं रे?” तो म्हणाला, “आमच्या होडीच्या इंजिनाखाली पण असंच पाणी साचतं.” घरची होडी असलेला पोर नसता, तर तो सिलिंडर जुलैतही पास झाला असता.

पुढच्या दीड वर्षात ह्या एका स्कर्टवरून काय काय झालं, त्याचं हे टिपण. धंद्यातली माणसं मानकं घडवण्यात का उतरत नाहीत, उतरली तर कुठे अडतात आणि काय केल्यावर थोडं पुढे सरकतात, हे मी ह्यात बघितलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. समितीत खुर्ची मिळण्यावर फार काही अवलंबून नाही. रोजच्या कामाची नोंद तुम्ही कशी ठेवता, सगळं तिथेच ठरतं.

नियम कोणाचा, मानक कोणाचं

आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना (त्यात मीही होतो) ‘नियम’ म्हणजे एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात घरं वेगळी आहेत. महाराष्ट्रात ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ आहे आणि त्याखालचे २००९ चे नियम आहेत. यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. तसं प्रमाणपत्र लायसन्स एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा द्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. तोच आमचा फॉर्म बी. हे झालं राज्याचं घर.

सिलिंडर कुठे किती लावायचे, देखभाल कशी करायची, हे आयएस (भारतीय मानक) २१९० मध्ये आहे. सिलिंडर बनवायचा कसा ते आयएस १५६८३ मध्ये. इमारतीतल्या हायड्रंटसाठी (आग विझवायच्या पाण्याचे नळ) आयएस ३८४४, आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेसाठी आयएस २१८९. ही सगळी भारतीय मानक ब्युरोची. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा भाग ४, अग्नी आणि जीवसुरक्षा, तोही ब्युरोचाच. संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली, मग १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारून निघाली. मानक स्वतःहून कोणाला दंड करत नाही. राज्याचा कायदा किंवा एखादी निविदा त्याच्याकडे बोट दाखवते, तेव्हा त्याला दात येतात.

ब्युरोच्या तांत्रिक समित्यांत उत्पादक असतात, सरकारी खाती असतात, प्रयोगशाळा, संशोधन संस्था, ग्राहकांचे प्रतिनिधी असतात. मसुदा तयार झाला की तो सगळ्यांच्या अभिप्रायासाठी खुला होतो. प्रत्येक मानकाचा पाच वर्षांतून निदान एकदा फेरविचार व्हावा असाही नियम आहे. भारतीय मानकं आता ब्युरोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे दार उघडं आहे. तरी माळनाक्यावर, मारुती मंदिराजवळ, मिरजोळे एमआयडीसीत मी जितक्या धंदेवाल्यांना विचारलं, त्यांच्यापैकी एकानेही कधी मसुद्यावर अभिप्राय पाठवला नव्हता. एकाने तर सरळ विचारलं, “आपण पाठवलेला चालतो?”

आमच्यातले एक निवृत्त अग्निशमन अधिकारी (त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो) ह्याचं कारण जुन्या सवयीत शोधतात. “आमच्या उमेदीत टीएसीचं पुस्तक होतं,” ते सांगतात. टीएसी म्हणजे विम्याचे दर ठरवणारी टॅरिफ ॲडव्हायजरी कमिटी. कारखान्याला विम्यात सूट हवी असेल तर हायड्रंट, स्प्रिंकलर तिच्या पुस्तकाप्रमाणे बसवायचे. २००७ पासून आगीच्या विम्याचे बांधलेले दर गेले, पण सवय राहिली: पुस्तक वरून येतं, खालच्याने पाळायचं. काकांचं हे म्हणणं मला पटतं, पण पुरतं नाही. दुसरं कारण साधं आहे. लिहायला लागतं, आणि लिहायचं कोणी?

पहिली बैठक: गाऱ्हाण्यांची

त्या जूनमध्ये, पाऊस लागून रिसॉर्टची कामं थंडावल्यावर, आमच्या ऑफिसात नऊ जण जमलो. काका, आम्ही दोघे एजन्सीवाले, एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, लोट्याच्या एका कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, सिलिंडरचा एक डीलर, तो टेक्निशियन आणि गुहागरच्या लॉजचे मालक. मालकांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते आले ते थोडे घुश्शातच.

दोन तास गाऱ्हाणी झाली. उघड्यावरच्या होज बॉक्सच्या (पाण्याचा पाइप ठेवायच्या पेटीच्या) बिजागऱ्या एका पावसाळ्यात धरतात, मग दार लाथ मारून उघडायचं. ॲल्युमिनियमचा ब्रँच पाइप (होजच्या टोकाची तोटी) गनमेटलच्या कपलिंगला लावून ठेवला की सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही एकजीव होतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, दुसरं काय होणार? पहिल्या पावसात किडे स्मोक डिटेक्टरमध्ये शिरतात, पॅनेल रात्री दोनला बोंबलतं आणि मॅनेजर ते कायमचं म्यूट करून टाकतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती; विजेवरच्या पंपाचा तेव्हा काय उपयोग? फॉर्म बी जुलैत का? काजूच्या कारखान्यात टरफलाचा ढीग पेटला की पाणी मारून विझत नाही. वणव्याचं काय? एनओसीचं काय?

काकांनी सगळं ऐकून घेतलं, पाटीवर एकेक गाऱ्हाणं लिहिलं आणि प्रत्येकासमोर विचारलं, “हे कोणाच्या दारात न्यायचं?”

गंमत अशी की निम्म्याहून जास्त गाऱ्हाणी मानकाच्या दारातली नव्हतीच. म्यूट केलेलं पॅनेल हा मालकाचा हलगर्जीपणा. एनओसीला लागणारा वेळ हा प्रशासनाचा विषय. बिजागरी धरते कारण दोन रुपये वाचवायला कोणीतरी साधी लोखंडी लावली, आणि तो कोणीतरी कधी कधी आमच्यातलाच असतो. जुलैचा फॉर्म बी हा राज्याच्या कायद्याचा विषय, ब्युरोचा त्याच्याशी संबंध नाही. वणवा तर तिसऱ्याच खात्याचा. उरल्या चार गोष्टी. त्यात सिलिंडरचं बूड होतं.

डीलर म्हणाला, “चारच? मग एवढा उद्योग कशाला?” तो पुढच्या बैठकीला आला नाही. सेफ्टी ऑफिसरही आले नाहीत, पण त्यांचं कारण खरं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं की कंपनीच्या परवानगीशिवाय कुठल्याही सूचनेवर नाव टाकता येणार नाही, आणि परवानगी मागितली तर पहिला प्रश्न येईल: आपल्याकडचे सिलिंडर गंजलेत का? लोटे, महाड, रोहे-धाटाव, तळोजे ह्या रासायनिक पट्ट्यात सर्वांत जाणकार माणसं नोकरीत आहेत, आणि तीच बांधलेली आहेत. त्यांनी आम्हाला पुढे बरंच शिकवलं, पण कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही.

एक गोष्ट मला नेहमी खटकते, ती इथेच मांडतो. कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जीव गेले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा तान्ही बाळं गेली. अशा वेळी चौकशी बसते, तपासण्यांचे आदेश निघतात, आमचे फोन महिनाभर वाजतात. महाडच्या एमआयडीसीत नोव्हेंबर २०२३ मध्ये औषध कंपनीत आग लागली, तेव्हाही तेच झालं. सिलिंडरच्या बुडाखालच्या पाण्यावर कधी चौकशी बसत नाही. ती नोंद वहीत धरणारा कोणी नसेल, तर ती कुठेच नसते.

वही

म्हणून वही घातली. साधी शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. आधी मी मोबाइलवर फॉर्म केला होता, पण किनाऱ्याच्या खालच्या अंगाला रेंज नसते आणि पोरांचे हात पावडरीने माखलेले असतात. सुरुवातीचे तीन-चार महिने फुकट गेले. फोटो व्हॉट्सॲपवरून यायचे, तारीख नाही, जागा नाही, कुठल्या सिलिंडरचा ते नाही. कोणी कुत्सितपणे “हा फोटो कशाचा, भाजलेल्या वांग्याचा का?” असं विचारलं असतं, तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग रकाने आखले: सिलिंडरवरचा नंबर आणि बनवल्याचं साल, छपराखाली की उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्याला तोंड आहे की आड आहे, स्कर्ट काढला का, बुडाची स्थिती. फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची.

‘बुडाची स्थिती’ ह्या रकान्यात पोरांनी काय लिहावं? पहिल्या पानांवर ‘खराब’, ‘बरा’, ‘एकदम खराब’, ‘बघवत नाही’ असं काहीही आहे. दोन टेक्निशियन एकाच सिलिंडरला वेगळं लिहायचे. एका संध्याकाळी मी दहा-बारा जुने सिलिंडर अंगणात मांडले आणि दोघांना म्हटलं, “तुमच्या शब्दात सांगा, ह्यात फरक काय?”

त्यांना विचार करावा लागला नाही. “हा तांब,” पहिल्यावर बोट. फडक्याने पुसलं की जातो, खाली पत्रा गुळगुळीत. “हा पापुद्रा,” दुसऱ्यावर. नखाने सुटतो, खाली पत्रा खरखरीत. “आणि हा खड्डा.” तारेचा ब्रश मारला तरी टिकल्या राहतात, टोचणीचं टोक आत बसतं. तिसऱ्याबद्दल दोघांचंही एकच मत होतं: ह्याला हायड्रो टेस्टला (पाण्याचा दाब देऊन करायच्या चाचणीला) पण पाठवू नका, भंगारात द्या.

तीन शब्द, तीन कसोट्या, हातात फडकं, नख आणि टोचणी. इंजिनीअर साहेब खुर्चीतून उठून बघायला आले. त्यांनी सांगितलं की काँक्रीटच्या आयएस ४५६ मध्ये हेच काम तक्त्यात केलंय. तिथे वातावरणाचे पाच वर्ग आहेत, सौम्यपासून अतितीव्रपर्यंत. किनारी हवेतलं काँक्रीट तिसऱ्या वर्गात धरायचं, समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर चौथ्यात. वर्ग बदलला की सळईवरचं आवरण बदलतं: सौम्य हवेत २० मिलिमीटर, तिसऱ्या वर्गात ४५, चौथ्यात ५०. “आमच्या खांबाला कळतं तो कुठे उभा आहे,” ते म्हणाले, “तुमच्या सिलिंडरला चंद्रपूर काय नि वेळणेश्वर काय.”

हे वाक्य सगळ्यांना फार आवडलं आणि त्यातच आमचे दोन महिने गेले, कारण आम्हीही अंतर मोजायला लागलो. भरतीच्या रेषेपासून अर्धा किलोमीटर? एक? पाच? वहीने साथ दिली नाही. डोंगराच्या कुशीत, किनाऱ्यापासून तीनशे मीटरवरच्या एका घरातले सिलिंडर स्वच्छ, आणि वर सड्यावर, समुद्रापासून बऱ्याच आत, वाऱ्याला छाती देऊन बसलेल्या इमारतीत खड्डे. इंजिनीअरांनी मग आयएसओ ९२२३ काढलं, हवा धातूला किती खाते ते ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानक. तिथे अंतराला महत्त्वच नाही. साध्या पोलादाची पट्टी वर्षभर उघड्यावर टांगायची आणि किती झिजली ते मोजायचं. वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन गेलं की हवा सी-५, म्हणजे फार गंजवणाऱ्या वर्गातली. प्रयोगशाळेतली मिठाच्या फवाऱ्याची चाचणी आम्हाला ठाऊक होती, पाच टक्के मिठाचं पाणी आणि ३५ अंश तापमान. पण ती नव्या मालाची परीक्षा असते. जागेची परीक्षा घेता येते, हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

प्रत्येक लॉजवर पट्टी टांगून वर्षाने वजन करणं आम्हाला झेपणारं नव्हतं. टेक्निशियन म्हणाला, “ब्रॅकेटचा स्क्रू बघा ना. तो आपणच नवा मारतो. एका पावसाळ्यात लाल झाला की समजायचं.” साहेब हसले, पण वहीत ते गेलं.

कलम लिहिणं

अभिप्रायाचा तक्ता ठरलेला असतो: कुठलं कलम, अभिप्राय तांत्रिक की भाषेचा, म्हणणं काय, बदललेला मजकूर कसा असावा, कारण काय. आम्ही पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘किनारपट्टीवर हवा खारट असल्याने अग्निशामक सिलिंडर लवकर गंजतात. तरी ह्याबाबत योग्य ती तरतूद व्हावी, ही नम्र विनंती.’

काकांनी कागद परत केला. “हा अर्ज झाला. तहसीलदाराकडे देऊन या.”

दुसरा मसुदा ह्याच्या उलट टोकाला गेला. किनारी जिल्ह्यांतल्या सर्व सिलिंडरांची दर तीन महिन्यांनी लायसन्स एजन्सीकडून पूर्ण तपासणी. आम्हाला तो चोख वाटला. लॉजच्या मालकांनी वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे वर्षातून दोनदा देतो ते चारदा द्यायचं. तुम्हालाच. आणि मागच्या वेळी टॅग लावून तुम्ही काय बघितलंत?”

खोलीत कोणी बोललं नाही. ह्या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा हीच. धंद्यातल्या माणसाने मानकात लक्ष घालावं असं आपण म्हणतो, कारण जमिनीवरचं त्याला ठाऊक असतं. पण त्या जमिनीवरच त्याचं दुकानही असतं. एजन्सी तपासण्या वाढवायला सांगणार, डीलर सिलिंडरचं आयुष्य कमी करायला सांगणार, उत्पादक महागडा रंग सक्तीचा करायला सांगणार, आणि प्रत्येक जण ‘सुरक्षितता’ हाच शब्द वापरणार. त्यात खोटं काही नसेलही. तरी समोरच्याने संशय घेतला तर तो त्याचा हक्क आहे. मला त्या दिवशी राग आला होता, हे लपवत नाही. घरी जाऊन मसुदा पुन्हा वाचला आणि मालकांच्या जागी बसून वाचला, तेव्हा तो खरंच आमच्या दरपत्रकासारखा दिसला.

तिसऱ्या मसुद्यात तपासणीची वारंवारता हा मुद्दाच काढून टाकला. काय बघायचं आणि काय दिसलं तर काय करायचं, एवढंच ठेवलं. थोडक्यात मजकूर असा: बुडाला काढता येणारा स्कर्ट असेल तर वार्षिक देखभालीत तो काढून बूड तपासलेच पाहिजे. खाऱ्या हवेच्या जागी हीच पाहणी पावसाळ्यानंतर आणखी एकदा करावी. ती जागेच्या मालकाच्या माणसाने केली तरी चालेल. स्थिती तीनपैकी एका वर्गात नोंदवलीच पाहिजे: पुसला जाणारा पृष्ठभागाचा गंज, पापुद्रे सुटणारा गंज, खड्डे पडलेला पत्रा. दुसरा वर्ग आढळला तर पुढच्या हायड्रो टेस्टची तारीख न बघता टेस्ट. तिसरा आढळला तर सिलिंडर बाद. शिवाय नव्या सिलिंडरच्या स्कर्टला पाणी निघून जाईल असं भोक असावं. ब्रॅकेटच्या स्क्रूची खूण टीप म्हणून शेवटी जोडली. आणि सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की सूचना करणाऱ्यांपैकी दोघांचं पोट ह्याच कामावर आहे.

‘पाहिजे’ आणि ‘करावी’ ह्यांवर एक अख्खी रात्र गेली. मानकांच्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे सक्ती आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. एक शब्द बदलला की कोणाच्या तरी खिशात हात जातो. मराठीत आपण दोन्हींना सर्रास ‘करावे’ म्हणतो, त्यामुळे चर्चा मराठीत करून शेवटी इंग्रजीत उतरवताना कुठे काय अभिप्रेत होतं ते पुन्हा भांडून ठरवावं लागलं. मालक पावसाळ्यानंतरच्या पाहणीला ‘शुड’वर अडून बसले. मला ‘शॅल’ हवा होता. जिंकले ते. आज मला वाटतं तेच बरोबर होते: ज्या पाहणीची कोणी खातरजमा करणार नाही तिला सक्तीची म्हणून काय उपयोग?

‘तांब’ला इंग्रजी शब्द सापडला, ‘खड्डा’लाही. ‘पापुद्रा’ मात्र भाषांतरात दुबळा झाला. इंजिनीअर साहेबांनी त्याच्यापुढे कंसात कसोटी लिहिली: नखाने सुटतो.

किती जण उरलो? कागद गेला तेव्हा चार. कोकणात बैठका घ्यायच्या म्हणजे पंचांग बघावं लागतं. शिमग्यात कोणी नसतं. एप्रिल-मेमध्ये आंबा आणि पर्यटक. गणपतीत तर बोलायलाच नको. एका दुसऱ्याच मसुद्याची अभिप्रायाची मुदत गणपतीच्या आसपास संपत होती आणि आम्ही ती सरळ चुकवली. आपली कामाची लय आणि मसुद्याची लय जुळत नाही, ह्याला मी दुसऱ्या कोणाचा दोष म्हणत नाही. पण आता ऑफिसात कालनिर्णयाच्या शेजारी खुल्या मसुद्यांच्या तारखांचा कागद चिकटवलाय.

सध्या

सूचना ब्युरोकडे गेली, पोच आली. फेरविचारात विषय समितीपुढे येईल तेव्हा येईल. नुसती वाट बघत बसलो नाही, एवढंच. आमच्या तपासणीच्या यादीत ‘स्कर्ट काढला’ हा रकाना आला, आणि त्यापुढे टिक चालत नाही. तां, पा किंवा ख लिहायचं. लॉजच्या मालकांनी स्कर्टला सुरीच्या तापलेल्या टोकाने भोकं पाडून घेतली. ती उत्पादकाला चालतील का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तुम्ही त्यांना विचारा. पाणी तर साचत नाही.” विचारायचंय अजून.

कपलिंगचं प्रकरण वेगळ्या वहीत चालू आहे. ते कठीण आहे, कारण सांधा धरला हे कळतं तो उघडायला गेल्यावरच, आणि उघडला की पुरावा मोडतो.

जुलैच्या फॉर्म बीचं पत्र मात्र अजून आमच्याच टेबलावर आहे. ते राज्याच्या अग्निशमन संचालनालयाकडे जायचंय. म्हणणं सोपं वाटलं होतं: किनारी तालुक्यांत जुलैच्या धो धो पावसात उघड्यावरचं काहीच नीट तपासता येत नाही, आणि पावसाने केलेलं नुकसान जानेवारीपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही; म्हणून इथे पाहणी मेमध्ये आणि पावसाळा संपल्यावर व्हावी. काकांनी ‘पावसाळा संपल्यावर’ खाली रेघ मारली. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणाला दसरा. टेक्निशियन म्हणाला नारळी पौर्णिमा, कारण त्याच्या घरी तेव्हा होडी पाण्यात जाते. मी ऑक्टोबर लिहिलं. काकांनी विचारलं, ऑक्टोबरची पहिली तारीख की एकतीस? आणि त्या आठवड्यात परतीचा पाऊस लागला तर?

पत्रात तेवढी जागा कोरी आहे.